न पडलेल्या पावसाची बातमी

गेवराईत बसस्थानकाकडून बाजाराकडे जाताना माझं फोटो आणि झेरॉक्सचं दुकान आहे. घर त्या दुकानावर चालतं. शिवाय मी बीडहून निघणाऱ्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. या दुसऱ्या कामाला पगार नसतो. जाहिरात आणली तर तीत आमचा थोडा वाटा, बातमी मात्र फुकट द्यायची, असा रिवाज आहे. पत्रकार म्हणजे बातम्या गोळा करणारा माणूस, असं लोकांना वाटतं. मी वर्षातला बराचसा काळ वाढदिवस गोळा करतो.

आमच्या भागात एक नेते आहेत. सगळा तालुका त्यांना साहेब म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. त्यांचा वाढदिवस ऐन उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी पेपरची पुरवणी निघते. पहिल्या पानावर साहेब, आतल्या पानांवर साहेबांना शुभेच्छा देणारी माणसं आणि त्या माणसांच्या डोक्यावर पुन्हा साहेब. पेपरच्या नव्या छपाई मशीनचं उद्घाटन साहेबांच्याच हस्ते झालं होतं. मशीन कुणाच्या पैशानं आलं हे पेपरात छापलं नव्हतं, पण त्या दिवशी नारळ फोडताना संपादकांनी साहेबांकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून मांडवातल्या आचाऱ्यालाही ते कळलं असावं.

कामाला लागलो तेव्हा काही गोष्टी मला शिकून घ्याव्या लागल्या. साहेबांची सभा समोरून टिपायची. विरोधी गटाची सभा बाजूनं टिपायची, जिकडं खुर्च्या रिकाम्या असतील त्या बाजूनं. साहेबांची माणसं गोदावरीतून वाळू नेतात, ते वाळू व्यावसायिक. विरोधी गटाची माणसं त्याच नदीतून तीच वाळू नेतात, ते वाळूमाफिया. मला सुरुवातीला फरक कळायचा नाही. पेपरची पानं लावणाऱ्या माणसाला एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "टिपरच्या काचेवर कुणाचा फोटो हाय ते बघायचं." तेव्हापासून माझी एकही चूक झालेली नाही.

नदीकाठच्या एका गावात दर उन्हाळ्यात एक धनगर नवरा-बायको मेंढ्या घेऊन येत. मूळचे ते आष्टीकडचे. शेतकरी आपल्या रानात खतासाठी त्यांच्या मेंढ्या बसवून घ्यायचे. माझ्याही जमिनीच्या तुकड्यात एकदा बसल्या होत्या, तेव्हापासूनची ओळख. नवरा कमी बोलणारा, सगळ्याला मान हलवणारा. बायको उंच, काटक, आवाज असा की नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या मेंढीला हाक मारावी. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला दादा.

त्या वर्षी साहेबांच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी त्या गावातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "लवकर या, मेंढरं गाडली गेली." मी दुकानाला कुलूप लावलं आणि मोटारसायकल काढली.

नदी कोरडी होती. पात्रात मशीननं वाळू उपसून मोठमोठे खड्डे केलेले, आणि त्यांत हिरवट पाणी साचलेलं. नवरा गावात दळण आणायला गेलेला. वहिनी एकटी मेंढ्या पाण्यावर घेऊन गेली. त्या खड्ड्याची कड आतून पोकळ झाली होती. पुढच्या मेंढ्या काठावर गेल्या आणि कड त्यांना घेऊन खाली बसली. मेंढीची जात पुढची जाईल तिकडं जाणारी, त्यामुळं मागच्या मेंढ्या थांबल्या नाहीत. एकीवर एक पडत गेल्या, वरून वाळू येत गेली. वहिनीनं आत उडी मारली. पाय, लोकर, कान, जे हाताला लागेल ते धरून ती एकेक मेंढी बाहेर फेकत राहिली. दुसऱ्या बाजूची कड ढासळली तेव्हा तिचा हात मनगटात मोडला. मग एका हातानं तिनं आणखी काही काढल्या. निम्म्याहून जास्त कळप आतच राहिला.

मी पोचलो तेव्हा लोकांनी मेलेल्या मेंढ्या काढून वाळूवर मांडायला घेतल्या होत्या. वाचलेल्या लांब उभ्या होत्या आणि एक कोकरू त्या मांडलेल्या मेंढ्यांमधून हुंगत हिंडत होतं. त्याला कुणी हाकललं नाही. वहिनी मोडलेला हात पदरात गुंडाळून खड्ड्याकडे तोंड करून बसली होती. रडत नव्हती. नवरा शेजारी उभा होता आणि पिठाचा डबा अजून त्याच्या खांद्यावरच होता.

मी मोबाईलवर फोटो काढायला लागलो.

"दादा, फोटू कशाला काढायलात?"

"पेपरात द्यायला."

"मग खड्ड्याचा काढा की. मेंढरांचा कावून काढायलात? मेंढरांनी काय केलं?"

मी खड्ड्याचा फोटो काढला. टिपरच्या चाकांचे माग काढले, मशीनच्या दातांच्या खुणा काढल्या. मग तिला माझ्या गाडीवर मधे बसवून, मागं नवऱ्याला बसवून दवाखान्यात नेलं आणि हात बांधून घेतला. दुकानात येऊन बातमी लिहिली. 'वाळूच्या खड्ड्यात मेंढ्यांचा कळप गाडला गेला, महिला जखमी.' जसं घडलं तसं लिहिलं, फोटो जोडले आणि पाठवून दिलं.

संध्याकाळी संपादकांचा फोन आला.

"खड्डा कुणाचा आहे?"

"नदीतला हाय."

"ते वाचलं मी. खणला कुणी?"

"मशीननं."

"मशीन कुणाचं?"

साऱ्या तालुक्याला माहीत असलेलं नाव मी सांगितलं. साहेबांचा पुतण्या. पलीकडं पंखा फिरताना ऐकू येत होता.

"उद्या पुरवणी आहे," ते म्हणाले. "बरं. बघतो मी."

दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर आली. माझी बातमी पहिल्या पानावर क्वचितच येते. मथळा होता, 'अवकाळीचा तडाखा; मेंढ्या दगावल्या'. खाली लहान अक्षरात, 'साहेबांनी घटनास्थळी धाव घेऊन कुटुंबाला दिला धीर'. फोटो माझाच होता. खड्डा कापून टाकला होता आणि मेंढ्यांच्या वर काळे ढग लावले होते. ते ढग मी लगेच ओळखले. दर जूनमध्ये 'बळीराजाच्या नजरा आभाळाकडे' या बातमीसोबत आमचा पेपर तेच ढग वापरतो. ढग छान होते. बातमीच्या सुरुवातीला लिहिलं होतं, 'गेवराई, वार्ताहर'. गेवराईचा वार्ताहर मी.

आमच्याकडं दुसरा एक पेपर येतो. तो विरोधी गटाच्या पुढाऱ्याच्या व्याह्याचा. त्याच्या वार्ताहराशी माझं चांगलं जमतं. आम्ही एकमेकांना फोटो देतो, कारण दोघांनी उन्हात जाण्यात अर्थ नसतो. खड्ड्याचा फोटो मी त्याला दिला होता, आणि त्यांनी तो अर्धं पान भरून छापला. 'वाळूमाफियांनी घेतला मुक्या जिवांचा बळी'. वाचून मला बरं वाटलं. खाली लिहिलं होतं, 'मेंढपाळ महिलेची मृत्यूशी झुंज'. विरोधी गटाचे खड्डे त्याच नदीत थोडं खालच्या अंगाला होते. त्यांचा फोटो त्या पेपरात नव्हता.

मी दोन्ही पेपर घेऊन त्यांच्या पालावर गेलो. नवऱ्याला सावकाश वाचता यायचं, वहिनीला अजिबात नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. ती चुलीपुढं बसून, पट्टीतला हात मांडीवर ठेवून ऐकत होती. पहिली बातमी झाल्यावर तिनं वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

"पाऊस कवा पडला?"

"पडला न्हाई."

"साहेब कवा आलते?"

"आले न्हाईत."

"तुमी लिहिलं का हे?"

"म्या खड्डा लिहिलाता, वहिनी. तिकडं बदललं."

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. मी दुसरा पेपर वाचला. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी त्या पेपरात पाऊस पडला आन् ह्या पेपरात मी मरायले. आन् मी तर हितं भाकरी टाकायले."

नवऱ्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आष्टीहून तिची बहीण, मेहुणा आणि भावकी असे टेम्पो भरून लोक आले. त्यांच्या गावात कुणीतरी दुसरा पेपर वाचला होता, आणि गावापासून गावापर्यंत येताना 'झुंज' संपली होती. बहिणीनं रस्त्यापासूनच गळा काढला. पालापाशी आली, तर जिच्यासाठी रडत होती ती एका हातानं बिऱ्हाड वाहणाऱ्या घोड्याला पाणी पाजत होती. बहीण थांबली. मग तिला राग आला. "चांगली हायस की! मग पेपरात कावून आलं?" वहिनीनं माझ्याकडं बोट केलं. तो माझा पेपर नव्हता हे समजावून सांगण्यासारखी ती वेळ नव्हती. आलेल्या लोकांना चहा करावा लागला. दूध मी गावातून आणून दिलं.

मी बीडला गेलो. खुलासा छापा, एवढंच मागायला गेलो होतो. संपादकांनी बसवलं, चहा सांगितला. ते वाईट माणूस नव्हते, आणि माझी अडचण तीच होती. बातमीत पहिल्या वाक्यात काय लिहायचं आणि काय नाही हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"काय छापू?" त्यांनी विचारलं. "पाऊस पडला नाही, असं छापू? पाऊस न पडलेले दिवस आपण रोज छापतो का?"

"बाई विचारतीय, सर."

"विचारणारच." त्यांनी खिडकीतून खाली छापखान्याकडं पाहिलं. मग सांगायला लागले. खूप वर्षांपूर्वी त्यांनी एका रस्त्याची बातमी छापली होती. ठेकेदार कोण हे छापलं होतं. त्या आठवड्यात जाहिराती बंद झाल्या. पेपरचे गठ्ठे एसटीत चढेनात. पानं लावणाऱ्या दोघांना घरी पाठवावं लागलं. त्यांतला एक नंतर भाजीचा गाडा लावायचा आणि संपादकांना बघितलं की मान फिरवायचा. "रस्ता?" ते म्हणाले. "रस्ता अजून तसाच आहे. मी रोज त्यावरूनच येतो."

मी चहा प्यालो. निघताना ते म्हणाले, "फोटो चांगला होता तुझा. खड्ड्याचा." त्यांना तो खरंच आवडला होता.

साहेबांनी धीर दिला असं छापून आल्यामुळं साहेबांना धीर द्यायला यावं लागलं. चार गाड्यांचा ताफा रानात आला, मेंढ्या बुजल्या. साहेबांनी वहिनीच्या नवऱ्याच्या खांद्यावर घोंगडी घातली. अंडं फुटून शिजावं असं ऊन. शिवाय घोंगडी विणणं हे त्या माणसाच्या बापाचं काम होतं. त्यानं काठाकडून ती दोन बोटांत धरून पाहिली.

"लई पाऊस होता का?" साहेबांनी वहिनीला विचारलं. त्यांनीही पेपरच वाचला असावा.

"पाऊस न्हवता, साहेब. खड्डा हाय. तुमच्या पुतण्याचा. तेवढा बुजवून द्या."

मोबाईल धरलेले सगळे हात एकदम खाली आले. पुतण्या मागच्या गाडीजवळ उभा होता. साहेब हसले नाहीत, चिडले नाहीत. "बघा रे जरा," असं शेजारच्या माणसाला म्हणाले आणि कोकरू उचलून घेतलं. हात पुन्हा वर गेले. आमच्या पेपरात कोकरासह फोटो आला.

मग तलाठी पंचनाम्याला आले. त्यांच्या काखेत आमचा पेपर होता. नैसर्गिक आपत्तीत जनावर दगावलं तर सरकारची मदत मिळते, म्हणून त्यांनी कागदावर अवकाळी पाऊस लिहिला. वहिनी म्हणाली, "खड्डा तर बघा." तलाठी म्हणाले, "बाई, मला दिसतोय. आत पडलो असतो येताना. पण मदतीच्या यादीत वीज हाय, पूर हाय, गारपीट हाय. खड्डा न्हाई."

यावर नवरा-बायकोचं भांडण झालं. मी त्यांना भांडताना पहिल्यांदाच बघत होतो.

"पाऊस म्हणलं की खड्डा तसाच राहतंय," ती म्हणाली. "उद्या दुसऱ्याची मेंढरं जातील. दुसऱ्याचं लेकरू जाईल."

"आन् खड्डा म्हणलं की आपल्याला काय मिळतंय?" तो म्हणाला. "तू सांग. गावाकडच्या पोराबाळानं काय खावं?"

त्यानं सही केली. तलाठ्यांनी मान खाली घालून कागद आवरले आणि चहा न घेता गेले. मला त्या दिवशी दोघांचंही म्हणणं बरोबर वाटत होतं आणि कुणाच्याच बाजूनं बोलता येत नव्हतं. पण एक गोष्ट मनात आली. पेपरच्या खोट्यामुळं का होईना, यांचं काही भलं होत असेल, तर होऊ दे. मी त्या विचारानं थोडा निवांत झालो.

प्रकरण तहसीलला गेलं. तिथल्या कारकुनानं नियमाप्रमाणं महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद मागवली. त्या दिवशी त्या मंडळात पावसाचा थेंब नव्हता. आदल्या दिवशी नव्हता, नंतरच्या दिवशी नव्हता. शेरा आला, पावसाची नोंद नसल्याने प्रस्ताव अमान्य.

नवरा तो कागद घेऊन माझ्या दुकानापाशी आला. वहिनी पायरीवर उभी होती. मी वाचून दाखवला. सगळ्या प्रकरणात ती पहिल्यांदा हसली, म्हणजे तोंडावर पदर घेऊन खांदे हलले, आणि ते हसणं थांबल्यावर डोळे पुसले.

"मी येगळं काय म्हणत होते?" ती म्हणाली. "सरकारला ठावं हाय, पाऊस न्हाई. मला ठावं हाय. मग पडला कुणासाठी?"

नवऱ्यानं मान हलवली नाही. तो जमिनीकडं बघत होता. मी त्याला आत बोलावलं, पण तो आला नाही.

ही बातमीही मी पाठवली. सगळी लिहिली, पर्जन्यमापक, शेरा, खड्डा. आमच्या पेपरात मथळा आला, 'मेंढपाळ मदतीपासून वंचित, साहेब आक्रमक'. प्रशासनाच्या आडमुठ्या धोरणाचा साहेबांनी निषेध केला होता आणि पर्जन्यमापक नादुरुस्त असल्याचा आरोप केला होता. मी आशेनं दुसऱ्या पेपरकडं वळलो. त्या वार्ताहर मित्राला सगळे कागद दिले. त्यानं ते घेतले, घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवले. "आता न्हाई चालणार," तो म्हणाला. "कालच बैठक झाली. दोघं एक झाले." साहेब आणि विरोधी पुढारी यांनी येत्या निवडणुकीत एकत्र यायचं ठरवलं होतं. त्या दिवसापासून गोदावरीच्या पात्रात दोन्ही पेपरांच्या हिशेबानं एकही वाळूमाफिया उरला नाही. टिपर तेवढेच होते. काही काचांवर आता दोन-दोन फोटो होते.

वहिनीनं कुणाची वाट पाहिली नाही. हाताची पट्टी निघाली त्या आठवड्यात तिनं आसपासच्या पालांवरच्या बायका गोळा केल्या. बाभळीच्या फांद्या तोडून, डोक्यावर आणून त्यांनी त्या खड्ड्याभोवती कमरेइतकं काटेरी कुंपण घातलं. मग खालच्या अंगाच्या खड्ड्यांभोवतीही घातलं. तिनं टिपर कुणाचा हे विचारलं नाही. मशीनवरचा माणूस ओरडला, तर म्हणाली, "तुझं मशीन आत पडलं तर मी काढणार न्हाई. मला एकच हात हाय सध्या." तो खाली उतरला आणि बिडी ओढत बघत बसला.

मी फोटो काढले. बायका, काटे, मागं खड्डा. फोन करून संपादकांना सांगितलं.

"छान आहे," ते म्हणाले. "नाव कुणाचं घालायचं?"

"तिचंच."

"हुद्दा?"

"मेंढरं राखती."

"म्हणजे कुठल्या संघटनेची वगैरे?"

"न्हाई."

"मग जागा झाली की बघू," ते म्हणाले. जागा झाली नाही. त्या पानावर एका सहकारी बँकेच्या संचालकाच्या नातवाचं बारसं होतं.

मी अजून वार्ताहर आहे. लोक विचारतात, सोडत का नाहीस. मी सोडलं तर माझ्या जागी वाढदिवस गोळा करणारा दुसरा कुणी येईल, आणि तो नदीवर जाईल की नाही याची मला खात्री नाही. हे उत्तर मला पुरेसं वाटतं असं नाही. पण दुसरं सापडलेलं नाही. मधून-मधून एखादी बातमी जशी पाठवली तशी छापून येते. बहुतेक वेळा त्या दिवशी जाहिरात कमी असते.

पुढच्या उन्हाळ्यात ते दोघं पुन्हा आले. कळप लहान होता. काही मेंढ्या बहिणीनं दिल्या होत्या, काही त्यांनी दुसऱ्याच्या राखणीला घेतल्या होत्या. वहिनीचं मनगट नीट बसलं नव्हतं, भाकरी थापताना ती तळहाताच्या कडेनं थापायची. काट्यांचं कुंपण थंडीत लोकांनी जळणाला नेलं होतं. येताच पहिल्या दोन दिवसांत बायकांनी ते पुन्हा घातलं.

मग ती दुकानात आली. म्हणाली, "दादा, औंदा मेंढरं तुमच्या रानात बसवू का? नदीपसनं लांब हाय तेवढं." मी हो म्हणालो. दुपारी जाऊन मी आणि तिच्या नवऱ्यानं बांधाच्या कडेची दगडं बाजूला केली, जाळीसाठी खुंट ठोकले आणि ऊन उतरल्यावर तिनं लांबूनच हाक मारून मेंढ्या आत घातल्या.